दानाचे मोजमाप: भूमच्या शिवेपलीकडचे आकडे

१७६, ५२, ४९, २६, २४. हजार जिवंत जन्मांमागे पहिल्या वाढदिवसाआधी दगावलेल्या बाळांची ही संख्या. वर्षे अनुक्रमे १९७१, १९७६, १९८६, १९९६ आणि २००४. गावे जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पातली. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमहून खर्ड्याचा रस्ता धरला की जिल्हा संपतो आणि नगर जिल्ह्यातला जामखेड तालुका लागतो. शिवेच्या दोन्ही अंगांना रान तेच, ज्वारी तीच आणि पावसाची लहरही तीच. म्हणून हे आकडे परक्या मुलखातले नाहीत.

हा प्रकल्प डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केला. रजनीकांत मूळचे राहुरीचे, मराठी ख्रिस्ती घरातले, मेबल जबलपूरच्या. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी काही वर्षे काम केले. तिथे त्यांना कळून चुकले की येणाऱ्या आजारांपैकी सुमारे ७० टक्के आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत. बरा होऊन गेलेला रुग्ण त्याच पाण्यामुळे आणि त्याच उपासमारीमुळे पुन्हा खाटेवर येत होता. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले ते थेट जामखेडला. सुरुवातीच्या पैशांची सोय जागतिक चर्च परिषदेच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनच्या पाठबळावर झाली. म्हणजे जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी रविवारी थैलीत टाकलेल्या नाण्यांचा एक ओघळ या कोरडवाहू तालुक्यात पोचला. त्या नाण्यांचे पुढे काय झाले, हे आकड्यांनिशी सांगता येते. धर्मादाय कामात अशी सोय फार थोड्या ठिकाणी असते.

खुद्द धाराशिव जिल्ह्यात ख्रिस्ती समाज अगदी तुरळक आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात १०,८०,०७३ ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या ०.९६ टक्के, आणि त्यांतले बहुतेक मुंबई, ठाणे, पालघर, पुणे या पट्ट्यातले. धाराशिवच्या १६,५७,५७६ लोकसंख्येत त्यांचा वाटा राज्याच्या सरासरीपेक्षाही बराच कमी. जिल्ह्यातली ८३ टक्के माणसे खेड्यांत राहतात आणि २०१८ साली केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा नंदुरबार, गडचिरोली, वाशीम यांच्या बरोबरीने हा जिल्हाही तिच्यात आला. अशा ठिकाणी पाच-पन्नास घरांची मंडळी गरजूंसाठी काय करू शकते? नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: नाताळात ब्लँकेट, जूनमध्ये वह्या, एखादे आरोग्य शिबिर. वर्षाअखेरीच्या अहवालात मग ‘इतकी ब्लँकेट वाटली, इतक्या रुग्णांची तपासणी केली’ अशा ओळी येतात. दान करणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण या ओळींतला आकडा देणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा नाही. जामखेडच्या आकड्यांत देणारा कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते या प्रकल्पाची खरी थोरवी तिथेच आहे.

१७६ हा आकडा किती वाईट होता? त्याच १९७१ साली नमुना नोंदणी पाहणीनुसार देशाचा बालमृत्युदर १२९ होता आणि महाराष्ट्राचा १०५. राज्य देशाच्या पुढे होते, पण जामखेड राज्याच्या दीडपटीहून मागे. राज्याच्या सरासरीने तालुक्याचे दुखणे झाकावे, हा आपला जुनाच रोग. मराठवाड्याच्या आणि नगरच्या दुष्काळी टोकांना तो चांगलाच ठाऊक आहे.

पुढे जामखेडचा दर ४९ झाला तेव्हा, १९८६ साली, राज्याचा ६३ होता आणि देशाचा ९६. १९९६ साली जामखेड २६, राज्य ४८, देश ७२. २००४ साली २४, ३६ आणि ५८. म्हणजे १९७१ ते २००४ या काळात देशाचा दर ५५ टक्क्यांनी घटला, राज्याचा ६६ टक्क्यांनी आणि जामखेडच्या गावांचा ८६ टक्क्यांनी. दीडपट मागे असलेली गावे राज्याच्या पुढे निघून गेली.

टक्केवारीत माणसे दिसत नाहीत, म्हणून एक साधे गणित करू. समजा १०,००० वस्तीची काही गावे आहेत. १९७१ साली या भागात जन्मदर हजारी ४० होता, म्हणजे वर्षाला ४०० बाळे. त्यांतली ७० वर्षाच्या आत जात. १९७६ साली जन्मदर ३४ वर आला: ३४० बाळे आणि १८ मृत्यू. २००४ साली जन्मदर १८.६: १८६ बाळे, आणि चार किंवा पाच मृत्यू. सत्तरावरून अठरा, अठरावरून पाचाच्या आत. दोन दर एकदम उतरले की परिणामाचा गुणाकार होतो. मूल जगेल याची खात्री पटली की बाई पुढचे बाळंतपण टाळायला तयार होते आणि बाळंतपणे कमी झाली की असलेले मूल आणखी धडधाकट राहते. कुटुंबनियोजन करणारी जोडपी १९७१ साली शंभरात एकसुद्धा नव्हती. १९७६ साली ती ३८ टक्के झाली आणि १९८६ साली ६०. त्यासाठी शिबिरांची उद्दिष्टे लादावी लागली नाहीत. आणीबाणीच्या काळात सरकारी नसबंदीने देशभर काय केले ते आठवले की या ३८ टक्क्यांचे मोल कळते.

एकूण घसरण १५२ अंकांची. तीतली १२४ अंकांची, म्हणजे ८२ टक्के, पहिल्या पाचच वर्षांत झाली. असे काय केले होते?

यंत्रे आणली नव्हती. त्या काळात बाळे धनुर्वाताने, हगवणीने, गोवराने, न्यूमोनियाने आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या कुपोषणाने जात. यांतल्या बहुतेकांवरचा इलाज घराच्या चार भिंतींतच होता. नाळ कापायला नवे कोरे ब्लेड, बांधायला उकळलेला दोरा, स्वच्छ कापड: बाळंतपणाची ही पुडी काही पैशांत तयार होई. हगवणीला गूळ, मीठ आणि उकळून गार केलेले पाणी. बाळंतिणीला आणि गरोदर बाईला पोटभर खाऊ घालणे. सहा महिन्यांच्या बाळाला भरडीची पेज सुरू करणे. गरोदरपणात तपासणी झालेल्या बायकांचे प्रमाण अर्ध्या टक्क्यावरून ८० टक्क्यांवर गेले, सुरक्षित बाळंतपणाचे अर्ध्या टक्क्याच्याही खालून ७४ टक्क्यांवर आणि लसीकरणाचे अर्ध्या टक्क्यावरून ८१ टक्क्यांवर. हे तिन्ही आकडे त्याच पाच वर्षांतले.

प्रश्न एवढाच होता की हे घरोघर सांगायचे कोणी? आधी प्रशिक्षित परिचारिका गावात ठेवून पाहिल्या. परक्या तरुण मुलीला गावात एकटीने राहणे जमेना आणि सासवा तिचे ऐकेनात. जिला स्वतःला मूल नाही ती आम्हाला बाळंतपण काय शिकवणार, हा सवाल बिनतोड होता. मग गावातलीच बाई का शिकवू नये, असा विचार गावकऱ्यांकडूनच पुढे आला आणि आरोळे दांपत्याने तो उचलून धरला. निवडल्या गेलेल्या बायका बहुतेक निरक्षर. कुणी दलित, कुणी टाकलेली, कुणी विधवा. आठवड्याला जामखेडला यायचे, मुक्काम करायचा, एक-दोन विषय नीट शिकायचे, गावात जाऊन करायचे आणि पुढच्या आठवड्यात काय झाले ते सांगायचे. बस इतकेच. पण वर्षानुवर्षे, खंड न पडता. पुस्तकी अभ्यासक्रम तीन महिन्यांत उरकून प्रमाणपत्र वाटणाऱ्यांनी यातला ‘वर्षानुवर्षे’ हा शब्द अधोरेखित करून ठेवावा.

या मुक्कामांत जातीचा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहिला. मराठा बाई आणि महार-मांगाची बाई एकत्र जेवायला आणि झोपायला तयार नव्हत्या. त्यावर भाषण झाले नाही. सगळ्यांना मिळून पुरेल असे एकच मोठे पांघरूण देण्यात आले. थंडी होती आणि पांघरूण एकच होते. नाताळात शंभर ब्लँकेट वाटणे चांगलेच, पण या एका पांघरुणाने जे साधले ते कोणत्या रकान्यात लिहायचे?

१९७२चा दुष्काळ आला तेव्हा प्रकल्पाला दोन वर्षेही झाली नव्हती. मराठवाडा आणि नगरकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे येतात. चर्चच्या मदतसंस्थांकडून अन्नधान्य येत होते, तसे ते इथेही आले. आरोळ्यांनी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी गावातच सामुदायिक स्वयंपाक सुरू केला आणि मदतीचा दुसरा भाग विंधन विहिरींना लावला. विहिरीची जागा ठरवताना एक चतुराई केली: पाणी लागण्याची शक्यता पाहून जागा शक्यतो दलित वस्तीत धरल्या. हातपंप तिथे बसला की पाटलाच्या घरची घागरही तिथेच यायची. सवर्णांच्या विहिरीवर दलितांना पाणी मिळावे म्हणून आयुष्ये झिजवलेल्या महाराष्ट्रात हा उलटा रस्ता फार थोड्यांना सुचला. तेवढ्याने जात गेली, असे कोणी म्हणणार नाही. पण घागर कुणाच्या दारात भरली जाते याला गावगाड्यात अर्थ असतो.

आता या आकड्यांतली अवघड जागा. १९७६ ते १९८६. दहा वर्षे, आणि बालमृत्युदर ५२ वरून फक्त ४९. तीन अंक. याच दहा वर्षांत पाच वर्षांखालच्या मुलांमधले कुपोषण ३० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. लसीकरण ९१ टक्क्यांवर आणि सुरक्षित बाळंतपण ८३ टक्क्यांवर गेले. सगळे सुधारत होते आणि मृत्युदर जागचा हलत नव्हता. असे का?

मला दिसणारे कारण असे. पहिल्या पाच वर्षांत जी बाळे वाचली ती दोन-चार महिन्यांची झाल्यावर हगवणीने, उपासमारीने किंवा जंतुसंसर्गाने जाणारी होती. धनुर्वाताने जाणारी तान्हीही त्यांत होती. उरलेले मृत्यू पहिल्या दिवसांतले आणि आठवड्यांतले होते: अपुऱ्या दिवसांचे बाळ, फार कमी वजनाचे बाळ, जन्मतःच गुदमरलेले बाळ. गुळाच्या पाण्याने आणि भरडीने त्यांचे काही होत नाही. त्यांना लागते ती वेगळी कला. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नेमके हेच धरले: गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. ते संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका प्रकल्पाचे आकडे जिथे अडतात तिथून दुसऱ्याने धागा उचलावा, अशी ही गोष्ट आहे. एकाच राज्यातली, दोन्ही कोपऱ्यांतली.

या तर्काला बाहेरूनही दुजोरा मिळाला. जामखेडचे आकडे प्रकल्पाने स्वतः जमवलेले, त्यामुळे त्यांच्याकडे संशयाने पाहणारे होतेच, आणि तसे पाहणे रास्तही आहे. आपल्या पोराला आपणच गुण दिले तर शेजारी हसणारच. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनपत्रिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरच्या संशोधकांनी प्रकल्पातली गावे आणि आसपासची प्रकल्पाबाहेरची गावे यांची तुलना केली. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला, आणि हा फरक मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरच्या मृत्यूंमधला होता. पहिल्या महिन्यात फरक स्पष्ट दिसला नाही.

८६ टक्के आणि ३० टक्के. मग खरे कोणते? दोन्ही. पहिला आकडा गावांची स्वतःच्याच भूतकाळाशी तुलना करतो, दुसरा त्याच काळातल्या शेजारच्या गावांशी. मधल्या काळात शेजारच्या गावांतही रस्ते आले, लस आली, प्राथमिक आरोग्य केंद्र आले, शाळा आली. ८६ मधला बराच भाग काळाचा होता. प्रकल्पाचा म्हणून जो निव्वळ उरला तो ३०. धर्मादाय संस्थांच्या अहवालांत हा दुसरा आकडा जवळजवळ कधीच नसतो, कारण त्यासाठी आपण जिथे काम केले नाही त्या गावातही जाऊन मोजावे लागते. ज्याला हा आकडा छापायची भीती वाटत नाही त्याच्या पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवावा. एकट्या पहिल्यावर ठेवू नये.

जामखेडचा पैसा जिथून आला त्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनचीही गोष्ट आकड्यातूनच सुरू होते. १९६८ साली ते स्थापन झाले, त्याच्या आसपास जगभरच्या चर्चच्या वैद्यकीय कामाचा आढावा घेतला गेला. ९५ टक्के काम दवाखान्यांतल्या उपचारांचे निघाले, आणि दाखल होणाऱ्यांपैकी किमान निम्मे टाळता येण्याजोग्या आजारांचे. वडाळ्यात आरोळ्यांना जे दिसले तेच जगभर होते. स्वतःच्या दानाचा असा पंचनामा स्वतःच करणे सोपे नसते. इमारतींवर दात्यांच्या नावाच्या पाट्या असतात आणि गुळाच्या पाण्याला पाटी लावता येत नाही. तरी कमिशनने दिशा बदलली. जामखेड, इंडोनेशियातले सोलो आणि ग्वातेमालातले चिमाल्तेनांगो या तीन प्रयोगांकडे त्याने जगाचे लक्ष वेधले आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात तिन्ही आले. सप्टेंबर १९७८ मध्ये १३४ देशांनी अल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा मान्य केला, त्यामागे या प्रयोगांचा हात होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली गेल्या, रजनीकांत २०११ साली.

आज देशभर हजार वस्तीमागे एक आशा ताई आहे. २००५च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली, पण गावातली बाई गावाची आरोग्यसेविका होऊ शकते हे जामखेडने तीसहून अधिक वर्षे आधी दाखवले होते. धाराशिव जिल्ह्यातच तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. त्या संस्थेचा चर्चशी संबंध नाही. असण्याचे कारणही नाही. चांगली पद्धत कुणाच्या घरची म्हणून राहत नाही.

दानाची दुसरी तऱ्हा धाराशिवने फार जवळून पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. ६.२ तीव्रतेच्या भूकंपात सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसे गेली. लातूरमधल्या औसा तालुक्याइतकाच घाव धाराशिवच्या उमरगा भागाला बसला. सास्तूर, होळी, राजेगाव ही नावे त्या पिढीला विसरता येत नाहीत. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. चर्चशी निगडित ‘कासा’ आणि ‘कारितास’ या संस्था मदतीला धावलेल्यांत होत्या. ‘कासा’ मुळात १९४७ साली फाळणीच्या निर्वासितांसाठीच जन्मलेली. अशा वेळी डोकी मोजणे हेच बरोबर असते: किती जणांना जेवण, किती जणांना छप्पर. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांत मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या तेव्हाही त्यांनी तेच मोजले, आणि हजारांच्या घरात गेलेली ती संख्या म्हणजे वाचलेले जीवच होते.

पण आपत्तीची पहिली लाट ओसरली की मोजपट्टी बदलावी लागते. ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली आणि घरांचे क्षेत्रफळ जमिनीवरून ठरले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५०, त्याहून अधिक जमीन असलेल्याला ७५०. शेतमजुराच्या घरात आठ माणसे आणि बागायतदाराच्या घरात चार असली तरी माप हेच. दगड-मातीचे गाव पडले, गावाची उतरंड मात्र सिमेंटमध्ये पुन्हा उभी राहिली. ‘इतकी घरे बांधली’ हा आकडा यातले काहीच सांगत नाही. ज्यांनी पैसे दिले त्यांतल्या किती जणांना हे क्षेत्रफळाचे कोष्टक माहीत असेल, कोण जाणे.

आता आजच्या पैशांकडे येऊ. परदेशी देणग्यांच्या भरवशावर चालणारी चर्चची कामे आकसत चालली आहेत. परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीने हा निधी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी मोठी संस्था निधी आणायची आणि खेड्यातल्या लहान संस्थेला द्यायची. ती नळी बंद झाली. एप्रिल २०२४ मध्ये ‘कासा’सह काही जुन्या संस्थांची परदेशी निधीची नोंदणी रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. या निर्णयांच्या बऱ्यावाईटावर वेगळे लिहावे लागेल. इथे एवढेच महत्त्वाचे की गावातल्या मंडळीला आता आपल्याच खिशाकडे पाहावे लागणार आहे.

तो खिसा किती खोल आहे? नगर-मराठवाड्याकडच्या मंडळ्यांत कापणीचा सण ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे: वेदीपुढे ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, एखादी कोंबडी मांडलेली असते आणि उपासनेनंतर लिलाव पुकारला जातो. पाच रुपयांचे अंडे पन्नासला जाते, घेणारा ते पुन्हा लिलावात ठेवतो आणि पुन्हा पन्नास येतात. मंडळी गरीब असली तरी हात आखडता नसतो. समजा ६० घरांची मंडळी आहे आणि घरटी महिना २०० रुपये गरजूंसाठी वेगळे निघतात. वर्षाचे १,४४,००० झाले. ४८० रुपयांचे एक धरले तर ३०० ब्लँकेट येतील. फोटो झकास येईल.

किंवा क्षयरोग्याच्या पोटाकडे पाहता येईल. जामखेडच्या गावांत १९७१ साली हजारी १८ माणसांना क्षय होता, म्हणजे हा या मुलखाचा जुनाच वैरी. क्षयावरची औषधे सरकार फुकट देते. कमी पडते ते अन्न. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या ‘राशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २,८०० रुग्ण, पाचांपैकी चार कुपोषित. त्यांना सहा महिने दरमहा सुमारे १० किलोचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यातला मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसाने दोन किलो भरायचे, एवढाच तो फरक. रुग्णाच्या घरातल्यांनाही शिधा दिला तेव्हा त्यांना नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. औषधाच्या कंपनीने असा परिणाम दाखवला असता तर वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापला असता. तूरडाळीची बातमी होत नाही.

सरकार क्षयरुग्णाला आहारासाठी नोव्हेंबर २०२४पासून महिना १,००० रुपये देते. आधी ५०० होते. मंडळीने तेवढेच १,००० रुपये शिध्याच्या रूपाने सहा महिने द्यायचे ठरवले तर एका रुग्णाला ६,००० लागतात. १,४४,००० मध्ये २४ रुग्ण होतात. घरातल्या चौघांनाही माणशी ४०० रुपयांचा शिधा द्यायचा म्हटले तर महिन्याला २,६०० आणि सहा महिन्यांचे १५,६०० पडतात. तेवढ्याच पैशांत ९ कुटुंबे बसतात. अहवालात २४ हा आकडा ९ पेक्षा शोभून दिसेल. तरी मी ९ कुटुंबे निवडावीत असेच म्हणेन, कारण तिथे आजाऱ्याबरोबर अजून आजारी न पडलेली चार माणसेही वाचतात.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. सप्टेंबर २०२२पासून ‘निक्षय मित्र’ म्हणून कोणतीही व्यक्ती, मंडळ, कारखाना किंवा देवस्थान नाव नोंदवू शकते, तसे चर्चही नोंदवू शकते. रुग्णाची संमती असेल तर आरोग्य खाते त्याला जोडून देते. पथ्ये तीनच पाळावीत. रुग्णाचा शिधा घेतानाचा फोटो काढू नये; आजार लपवून जगणाऱ्या माणसाला तो फार महागात पडतो. मदतीला प्रार्थनेची अट जोडू नये, आणि तसा नुसता भासही होऊ देऊ नये. आणि शिधा देताना दर महिन्याला रुग्णाचे वजन एका वहीत लिहून ठेवावे. पंचायत समितीच्या गावातल्या कोणत्याही मंडळीला हे तीन महिन्यांच्या आत सुरू करता येईल. पाळकांनी आणि पंचांनी येत्या कापणीच्या सणाचा लिलाव याच कामासाठी पुकारावा, आणि पुढच्या वार्षिक सभेत किती किलो शिधा वाटला याऐवजी किती किलो वजन वाढले ते वाचून दाखवावे.